प्रदेशाचे साहेब ओट्यावर बसले

आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, पंचायत समितीवर निवडून आली होती. जागा बायांसाठी राखीव पडली, आणि आमच्या पाड्यात चारचौघांत न लाजता बोलणारी बाई ती एकच. पक्षवाले आले, तिच्या गळ्यात पट्टा टाकला आणि ती निवडून पण आली. मी चौथी शिकलेलो, ती दुसरी. जव्हारला सभा असली की ती सकाळच्या जीपने जायची आणि दिवस मावळता यायची. मी घरी नागलीच्या भाकरी थापायचो. लोक हसायचे. हसा म्हटलं, भाकरी काय माझ्या हाताने कडू होत नाही.

सभेत ती एकच मागायची. आमच्या पाड्याला स्मशानाची शेड द्या. आमच्याकडं पावसाळ्यात माणूस मेलं तर जाळायची पंचाईत. नदीकाठी उघड्यावर न्यायचं, चौघांनी वर मेणकापड धरायचं, खाली ओली लाकडं नुसती धूर काढतात. सभेतले लोक तिला म्हणायचे, ताई, दुसरं काही मागा, समाजमंदिर मागा. ती म्हणायची, जिवंत माणूस कुठं पण उभा राहतो, समाजमंदिर नको. मग सगळे चहा प्यायचे आणि सभा संपायची.

आणि मग तीच मेली. भाताची आवणी आटपली होती, तापाचं निमित्त झालं. पाऊस उघडायला तयार नाही. नदीकाठी नेली. मेणकापड धरलं, ते एका बाजूने पेटलं, धरणारे पळाले, दुसरं घेऊन परत आले. मोटारसायकलमधलं पेट्रोल काढून ओतलं. सकाळी लावलेली आग, पण दिवस मावळला तरी तिचं काही पुरं होईना. ज्या बाईने जन्मात कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही, तिला असं जावं लागलं. मी तिथं उभा होतो. दहाव्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं की आता ही शेड मी मागणार. मला दुसरं काही नको, चार खांब आणि वर पत्रे.

ती गेली तशी तिची जागा मोकळी झाली आणि पोटनिवडणूक लागणार असं बोलू लागले. एरवी आमच्या पाड्यावर कुत्रं येत नाही. पण समितीत दोन्ही बाजू बरोबरीला, म्हणून जो ही जागा घेईल त्याचा सभापती. त्यामुळं थेट प्रदेशाचे साहेब आले. प्रदेश म्हणजे मुंबईला बसणारे, तालुका आणि जिल्हा यांच्याही वरचे. माझं सांत्वन करायला आले आणि सवयीने मला शाल आणि नारळ दिला. बायको मेली म्हणून माझा सत्कार. मागच्या पोरांनी टाळ्या पण वाजवल्या. तालुक्याच्या अध्यक्षाने डोळे वटारले तेव्हा थांबले.

साहेब म्हणाले, आजोबा, त्यांच्या जागी तुम्हीच उभे राहा. मी म्हटलं, जागा बाईची आहे. साहेबांनी अध्यक्षाकडं पाहिलं, अध्यक्षाने मान हलवली. मग साहेबांनी विचारलं, घरात दुसरी कोणी बाई?

"घरात एकच होती," मी म्हटलं, "तिलाच भेटायला तुम्ही आलात."

साहेबांनी माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. मग विचारलं, काय पाहिजे. मी शेड मागितली. त्यांनी तिथंच फोन लावला, आणि मी तोंडात बोट घातलं, कारण जे तिला एवढी वर्षं मागून मिळालं नाही ते एका फोनवर सुरू झालं. ठेकेदार आला. खांब उभे राहिले, मधे सिमेंटचा ओटा झाला, वर लालभडक पत्रे चढले. ओट्यावर लोखंडी जाळी यायची तेवढी राहिली. समोर मोठा बोर्ड लागला. त्यावर साहेबांचा हसरा फोटो आणि खाली स्मशानभूमी शेड असं. तेवढ्यात आचारसंहिता लागली. पंचायतीचा माणूस आला आणि त्याने बोर्डाला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधून टाकलं. म्हणाला, निकाल लागेपर्यंत साहेबांचं तोंड दिसायला नको. निकालानंतर कोणी ते सोडायला आलं नाही.

उमेदवार मात्र पाड्याला न विचारता दिला. अध्यक्षाची मेहुणी. नाव आमच्या गणातल्या मतदार यादीत, राहायला जव्हारला. तिला नदी कुठल्या अंगाला आहे ते ठाऊक नव्हतं. पण पाडा बिथरला तो त्याने नाही, बॅनरने बिथरला.

झालं असं. बॅनरवर आमच्या म्हातारीचा फोटो टाकायचं ठरलं. बचत गटाच्या एका फोटोत ती आणि आमची शेजारची वहिनी जवळ जवळ उभ्या होत्या. छापणाऱ्याने कापताना वहिनी कापून घेतली. वहिनी भाजी विकायला जव्हारला गेली तर स्टँडजवळ ती स्वतःच भली मोठी लटकलेली, फोटोला छापील हार, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, ताईंचं अपुरं स्वप्न पुरं करू. लोक तिच्याकडं बघतात, वर बघतात. एक म्हातारी तर तिच्याकडून भाजी घेईना.

वहिनी तशीच अध्यक्षाच्या घरी गेली. तो म्हणाला, वहिनी, फोटो चांगला आलाय, आता बदलायला वेळ नाही. आणि एक करा, मतदान होईपर्यंत बाजारात फार दिसू नका.

वहिनी पाड्यावर परत आली आणि घराघरातून सांगत फिरली, "मला मेलेली लावली ना, मग मेलेल्या बाईचं मत यांना कशाला पाहिजे?"

मतदानाला पाडा झाडून सगळा गेला आणि बहुतेकांनी सगळ्यात खालचं, कुणीच नको असं बटण दाबलं. त्या बटणापुढं कोणाचा फोटो नसतो, लोकांना तेच बरं वाटलं. मी मात्र पक्षालाच मत दिलं. मला पत्र्यांची काळजी. मी वहिनीला तसं सांगितलं तर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पक्ष थोडक्यात पडला. ज्या थोडक्यात पडला ते थोडके आमच्या पाड्याचे होते.

निकाल लागला आणि अध्यक्ष माझ्याकडं आला. म्हणाला, वरून आदेश आहे, ज्यांनी मतं दिली त्या गावाला पत्रे द्यायचे, तुमचे काढायचे. मी म्हटलं, मी दिलं ना मत. तो म्हणाला, आजोबा, एका मताला एक पत्रा पण येत नाही.

मग कळलं की प्रदेशाचे साहेब स्वतः येणार, आपण का पडलो याची चिंतन बैठक आमच्याच पाड्यावर घेणार. पुढच्या सालच्या आवणीचे दिवस. खाचरात चिखल करून ठेवलेला, रोपं उपटून ठेवलेली, आणि आम्हाला चिंतनाला बोलावलं. मी गेलो ते पत्र्यांसाठी. बाकीचे गेले ते गंमत बघायला.

त्या दिवशी ठेकेदाराचा टेम्पो आधीच येऊन थांबला होता. त्याचे मजूर मोखाड्याकडचे, नवीन पोरं. ती वर चढून नदीकडच्या रांगेतले बोल्ट सैल करत होती. एवढ्यात पाऊस असा आला की समोरचं दिसेना. मजूर उतरून टेम्पोत बसले. शाळेपुढं घातलेला मांडव पाण्याने फुगला आणि फुटला. साहेबांच्या गाड्या आल्या त्या नेमक्या तेव्हा. तालुक्याचा अध्यक्ष मागच्या गाडीत, आणि ती गाडी खाली वळणावर चिखलात रुतलेली. साहेबांना रस्त्यावरून काय दिसलं, तर नदीकाठी नवीकोरी शेड, लाल पत्रे, मधे मस्त ओटा, समोर गोणपाटात बांधलेला बोर्ड. म्हणाले, अरे, एवढी छान जागा असताना मांडव कशाला घातला.

आणि जाऊन ओट्यावर बसले. साहेबांबरोबर आलेल्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्च्या ओट्यावर मांडल्या. साहेब मधल्या खुर्चीत, जिल्ह्याचे दोघं बाजूला, पुढं टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि फुलांचा गुच्छ. आम्ही सगळे बाहेर, पावसात, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. प्रेत घेऊन आल्याशिवाय तिथं कोण कशाला पाय ठेवेल.

साहेबांनी हात करून बोलावलं. भिजताय कशाला, आत या की सगळे.

"आमची वेळ आली की येऊ, साहेब," वहिनी म्हणाली.

साहेब बाजूच्याला म्हणाले, बघा, शिस्त बघा या लोकांची.

तेवढ्यात अध्यक्ष चिखलाने माखून पळत आला. शेडमध्ये कोण बसलंय ते पाहिलं आणि जागीच थिजला. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची पण काही चूक नाही म्हणा. आपल्या साहेबाला तुम्ही मसणात बसलात असं कोण सांगेल. तो पण आमच्यात येऊन पावसात उभा राहिला.

साहेब बरंच बोलले. म्हणाले की विरोधकांनी पैसा वाटला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं, कोणाला मिळाला का म्हणून. मग म्हणाले, आपली कामं लोकांपर्यंत पोचली नाहीत. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि एक सैल पत्रा मधेच धाडकन आपटत होता, त्यामुळं अर्धं ऐकू आलं नाही. शेवटी म्हणाले, मी आज ऐकायला आलोय, कोणाला बोलायचं आहे?

सगळ्यांनी मला पुढं ढकललं. मी पत्र्यांचं बोलणार होतो, घोकून आलो होतो. पण समोर पाहिलं तर साहेबांची खुर्ची नेमकी कुठं होती ते माझ्या ध्यानात आलं, आणि घोकलेलं सगळं गेलं.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही बसलात ना, तिथं माझी बायको जाळली."

साहेबांनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, आजोबा, तुमच्या भावना मी समजू शकतो, ताई आजही आपल्या सगळ्यांच्या मनात आहेत. बाजूच्या पोराने ते लिहून पण घेतलं.

मी म्हटलं, मनात नाही साहेब, खाली. तुमच्या खुर्चीच्या खाली. ओटा नंतर बांधला.

साहेब हसरं तोंड तसंच ठेवून अध्यक्षाकडं बघायला लागले. अध्यक्ष अंगावरचा चिखल पुसायला लागला. वहिनी पुढं झाली आणि बोर्डाची सुतळी ओढली. गोणपाट भिजून जड झालेलं, भसकन खाली आलं. साहेब स्वतःच्याच हसऱ्या फोटोसमोर बसलेले आणि खाली काय लिहिलंय ते वाचत होते.

एवढी मोठी माणसं एवढ्या लवकर उठताना मी बघितली नव्हती. टेबल आडवं झालं, गुच्छ ओट्यावरच राहिला. जेवण वहिनीच्या शेजारी एका कार्यकर्त्याच्या घरी होतं, कोंबडीचा रस्सा आणि भात. सगळे तिकडं निघाले तर त्या घरची बाई दारात आडवी उभी. मसणातून आलात, आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही. जिल्ह्याचा एक जण म्हणाला, बाई, पावसाने भिजलोच आहोत की. ती म्हणाली, ती आंघोळ नाही, ते भिजणं.

मग हापशावर आंघोळी झाल्या. अध्यक्ष हापसत होता, प्रदेशाचे साहेब पांढऱ्या कपड्यांनिशी खाली वाकलेले, वरून पाऊस आणि खालून हापसा. नवरदेवाला बघायला जमावा तसा पाडा जमला होता. कोणी हसलं नाही. बायांनी कडुलिंबाचा पाला आणून दिला, तो त्यांनी मुकाट्याने चावला.

जेवायला बसायच्या आधी ठेकेदार आला. त्याला घाई. म्हणाला, साहेब, पाऊस कमी झालाय, पत्रे उतरवून घेतो. त्याचे मजूर मागं उभे होते. त्यांना आतापर्यंत माहीतच नव्हतं कसली शेड ते. त्यातला एक म्हणाला, शेठ, आम्ही नाही हात लावणार. मसणात गेलेलं परत गावात आणत नाहीत. ठेकेदार वाद घालायला लागला. अजून एक पण मढं त्या पत्र्यांखाली जळलं नाही, मग ते नुसते पत्रेच झाले. बाई जळली तेव्हा हे पत्रे होते कुठं?

"असते तर आम्ही मेणकापड धरलं असतं का?" मी म्हटलं.

ठेकेदार मजुरांकडं वळला. म्हणाला, दुसऱ्या गावाला काय कळणार आहे. वहिनी म्हणाली, कळेल, मी सांगायला जाईन. मला बघून त्यांना भीती पण वाटेल.

साहेबांचे दात पाल्याने हिरवे झाले होते. त्यांनी ठेकेदाराकडं न बघताच सांगितलं, ते पत्रे राहू देत, माझ्यामागं काहीएक आणू नका. मग जेवले आणि गेले. खुर्च्या पण नेल्या नाहीत.

पत्रे राहिले. पण नदीकडची रांग सैलच. मजूर परत चढायला तयार नाहीत, ठेकेदार तर कधीच निघून गेला. पाड्यातल्या पोरांना म्हटलं, तर म्हणे आजोबा, उगाच कशाला मसणात चढायचं. वाऱ्याने ते पत्रे उडून नदीत जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि चढायचं नाही हे पण सगळ्यांचं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी मी शिडी आणि पाना घेऊन गेलो. वहिनी मागं मागं आली. बाहेर थांबून मला शिव्या देत होती, या वयात पडलात तर तिथल्या तिथंच उरकावं लागेल. मी म्हटलं, बरंच आहे, वर पत्रे आहेत. तिने शिव्या थांबवल्या आणि आत येऊन शिडी धरली. ती आत आली हे मी पाड्यात कोणाला सांगितलं नाही.

सगळे बोल्ट आवळायला दुपार झाली. शेवटचा आवळून वर बसलो होतो तेव्हा पुन्हा सर आली. काठावरून वाकून पाहिलं तर खाली ओट्यावर एक थेंब पडत नव्हता. मी बराच वेळ खाली बघत बसलो. मी स्वतः भिजून चिंब, आणि ती जागा कोरडी. वहिनी खालून म्हणाली, उतरा आता, आंघोळीचं पाणी तापत ठेवलंय. मी म्हटलं, थोडं थांब.