भरलेल्या बरण्यांचं म्युझियम

"घ्या बाई बरणी. पर आधी हात पुसा."

गयाबाई बरणी पोटाशी धरून म्युझियमच्या दारात उभ्या होत्या. मी हात पुसले. बरणी घेतली आणि पाठीत कळ आली. आत गळ्यापर्यंत आंब्याचं लोणचं होतं.

मी त्या म्युझियमची क्युरेटर, म्हणजे वस्तू गोळा करून त्या नीट सांभाळणारी बाई. जिंतूर रोडला निजामाच्या काळातला चिनी मातीच्या कपबरण्यांचा कारखाना बंद पडून होता. तिथे म्युझियम आणि सांस्कृतिक केंद्र करायचं ठरलं होतं. भट्टी होती, चिमणी होती, नवी काचेची कपाटं आली होती. कपाटात ठेवायला मात्र काही नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हा शेवटचा कपसुद्धा लिलावात गेला होता.

विभागाच्या साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "इन्स्पेक्शनला कपाटं रिकामी दिसली तर इमारत बियाण्याच्या गोदामाला द्यावी लागेल. मग मला काही म्हणू नका."

मी कोणाला काय म्हणणार? रिक्षावर भोंगा लावून परभणीभर पुकारलं, "कारखान्याची जुनी बरणी म्युझियमला द्या." कोणी फिरकलं नाही. आमचे वॉचमन रहीमभाई पूर्वी याच कारखान्यात भट्टीवर होते. इमारत जाणार म्हटल्यापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. ते म्हणाले, "मॅडम, लोकायकडं बरण्या लय हायत. पर रिकाम्या न्हाईत."

त्यानंतर ह्या गयाबाई आल्या. कारखान्यामागच्या कामगार चाळीत राहायच्या. चाळीत त्यांचा शब्द चालायचा.

मी म्हणाले, "लोणचं काढून घ्या आणि बरणी द्या."

"काय बोलायलाव बाई! रिकामं भांडं कुनाला देतेत का? तुमच्या आईनं शिकवलं न्हाई?"

आईनं शिकवलं होतं. शेजारणीची वाटी परत करताना तिच्यात चिमूटभर साखर तरी घालायची. पण सरकारी म्युझियमची वाटी कशी भरायची, हे ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. मी गुमान बरणी कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी चाळ लोटली. लिंबाचं, मिरचीचं, आंब्याचं, एकीत गूळ, एकीत नुसतं मीठ. प्रत्येक वस्तूला आम्ही अ‍ॅक्सेशन नंबर देतो, म्हणजे ती म्युझियमच्या मालकीची झाल्याचा नंबर. तो बुडाशी लिहायचा असतो. भरली बरणी उलटी कशी करणार? मी दोऱ्यानं चिठ्ठ्या बांधल्या. बांधताना एकीनं विचारलंच, "बाई, तुमी बाजूला बसलेल्या तर न्हाईत ना? लोनचं नासतं." मी एम.ए. झालेली बाई, ऑफिसच्या वेळेत, वॉचमनसमोर त्याचं उत्तर देत होते. रहीमभाई छताकडे बघत होते.

विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाडा बंद झाला, एसटी निघाली नाही, इन्स्पेक्शन पुढे गेलं. तोवर लोणचं मुरलं.

साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच.

"हे म्युझियम आहे की किराणा दुकान?"

"वस्तू वापरातल्या आहेत, सर."

"मालकी कोणाची?"

"बरणी आपली. लोणचं त्यांचं."

"आजच्या आज सगळ्या रिकाम्या करा!"

रहीमभाई चाळीत निरोप घेऊन गेले. जाताना त्यांच्या चपलेचा आवाजसुद्धा येत नव्हता. मला त्या माणसाकडे बघवेना. गयाबाई आल्या त्या पंधरावीस जणींना घेऊनच.

"रिकामी करायची आसंल तर बरनी घरी न्यायची. उगं भांडू नगा साहेब."

म्हणजे कपाटं रिकामी. म्हणजे गोदाम. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात एक बाई ताटली घेऊन सरळ आत आली. घरी ताडकळसचे पाहुणे जेवायला बसले होते. तिनं पदराला हात पुसले, कपाट उघडलं, आपल्या बरणीतून दोन फोडी काढल्या, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला आणि निघाली. साहेबांकडे तिनं बघितलंही नाही.

"ह्या कोण?"

"प्रेक्षक, सर."

"रोज येतात?"

"जेवणाच्या वेळेला. लोणचं हलवायला वेगळ्या येतात. येताना पोरं आणतात, भट्टी बघतात, रहीमभाईंना प्रश्न विचारतात."

साहेबांनी नाकावरचा रुमाल काढून खिशात घातला. विभागातल्या बाकीच्या म्युझियमांत प्रेक्षक म्हणून मास्तर रांगेनं शाळा आणायचे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, "संग्रह पुरेसा. प्रेक्षकांचा प्रतिसाद समाधानकारक." मग टोपण लावलं आणि हळूच विचारलं, "लिंबाचं कुठलं?"

गयाबाई म्हणाल्या, "आधी हात पुसा."

इमारत राहिली. भट्टीच्या अंगणात पुढे नाटकं झाली, भारुडं झाली, कव्वालीही झाली. रहीमभाई जेवायला लागले. डब्यात फक्त भाकरी आणायचे.

म्युझियममध्ये वस्तूंना हात लावू नये, असं आम्हाला शिकवतात. तशी पाटी मुख्य ऑफिसातून आली होती. मी रंगाऱ्याकडून तिच्यात फक्त एक शब्द वाढवून घेतला. परभणीत पाटी होती : "वस्तूंना ओला हात लावू नये."