सातवी ब चा भंडारा

हातातला चहा आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना माझ्या मेहुण्याने अख्खा कप शर्टावर सांडला होता. आणि हो, यातला गाढव कोण हे शोधत बसू नका. तो मीच!

माझं सुरतेत डिंडोलीला फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन, सगळं छापतो. पण सगळ्यात जास्त काय छापतो? भंडारा! आमच्या भागात अर्धा खान्देश येऊन राहिलाय. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये आठवडाभर राबलेला माणूस सुट्टीला एक तर देवाच्या नावाने पंगत घालतो, नाहीतर दुसऱ्याच्या पंगतीत जाऊन बसतो. तिसरा प्रकार मी तरी पाहिलेला नाही.

तर माझी मुलगी खुशी, सातवीत. मुलखाची अबोल पोरगी. पण एक दिवस दप्तर टाकलं आणि एका दमात बोलून गेली, "पप्पा, शाळेत पोस्टरची स्पर्धा आहे. विषय, अन्नाची नासाडी थांबवा. आमच्या वर्गाने मला पुढे केलंय. चित्र आम्ही काढलंय, तुम्ही फक्त मोठं करून छापा. फक्त छापा हं!"

वर्गाने तिला पहिल्यांदाच कशात तरी पुढे केलं होतं. माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण सांभाळावं लागलं.

मग मी चित्र पाहिलं. कचऱ्याचा डबा, आणि त्यात पडून रडणारी भाकरी! आता तुम्हीच सांगा, माझ्या दुकानातून आजवर एक अशुभ बोर्ड बाहेर पडलेला नाही, आणि पोटच्या पोरीच्या पोस्टरवर कचऱ्याचा डबा? मी म्हटलं, पोरांना काय कळतंय. बापाची कला कधी कामाला यायची?

कॉम्प्युटरवर भंडाऱ्याची तयार फाइल होतीच. डबा काढला, तिथे वरण-बट्टीचं भरगच्च ताट बसवलं. बाजूला घोटलेली वांग्याची भाजी, तुपाची धार अशी की बघणाऱ्याने जीभ चाटावी. चारी बाजूंनी झेंडूची माळ. मधोमध पोरांनी लिहिलेलंच वाक्य, "पोटभर जेवा, पानात टाकू नका". खाली पोस्टरच्या प्रदर्शनाची वेळ आणि जागा, रविवार, सकाळी अकरा, शाळेचं मैदान. एका कोपऱ्यात जोडलेले हात. आणि हाताला सवयच ती, शेवटी लिहून गेलो, "आपले नम्र, सातवी ब व समस्त परिवार".

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण नाही! चार लोकांनी पोरीचं कौतुक करावं म्हणून खुशीला न दाखवताच आणखी एक प्रत काढली आणि शनिवारी संध्याकाळी चौकात टांगली. फुकट!

रविवारी शाळेच्या फाटकाशी पोहोचलो, तर वॉचमन विचारतो, "भाई, भंडारो छे ने? मारा छोकराओने बोलावी लउं?"

मी हसलो. म्हटलं, काय गमतीदार माणूस आहे.

फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि हसू तिथेच विरलं. मैदानात रांगा धरून लोक बसलेले. मांडी घालून! कोणी घरून ताट-वाटी आणलेली, कोणी नातवाला मांडीवर घेऊन बसलेलं. एका काकांनी तर पाण्याचा तांब्या समोर ठेवून हात जोडले होते, श्लोक कधी सुरू होतो याची वाट बघत.

पहिल्या रांगेत आमच्या गल्लीतल्या देवका अक्का. सोबत अख्खी गल्ली.

"अक्का, तुम्ही इथे?"

"तुन्हा बोर्ड वाचीसन उनूत ना भाऊ! घरमा चूल बी पेटाडी नही. पंगत कव्हय बठी?"

माझ्या डोळ्यांपुढे तो बोर्ड आला. ताट, झेंडू, जोडलेले हात, वेळ, जागा. अरे देवा! नासाडीचं पोस्टर कुठे होतं ते? मी सातवी ब च्या नावाने सगळ्या डिंडोलीला जेवायला बोलावलं होतं!

तेवढ्यात खुशीचे वर्गशिक्षक देसले सर घाम पुसत आले. "अहो, काय करून ठेवलंत? परीक्षक बाई निघाल्यात. त्यांना चित्रं दाखवू की ही पंगत? मुख्याध्यापक म्हणतात, सातवी ब चं नावच काढून टाका स्पर्धेतून."

खुशी त्यांच्या मागे उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी 'फक्त छापा' म्हटलं होतं."

खरं सांगतो, त्या क्षणी मैदान दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पोरीने पहिल्यांदा मान वर केली होती आणि तिच्या बापानेच ती खाली घालायला लावली.

मी भीतभीत अक्कांना खरं ते सांगितलं. वाटलं, आता चप्पल येणार. पण अक्का अशा हसल्या की मांडीवर झोपलेला त्यांचा नातू दचकून उठला.

"पंगतवरथीन भुक्या उठानं नही!" त्यांनी फर्मान काढलं. "ज्यान्या घरमा जे व्हई ते लई या रे!"

आणि लोक उठले हो! शाळेच्या मोठ्या पातेल्यात खिचडी चढली. कोणाच्या घरून रात्रीची शेवभाजी आली, कोणाकडून शिळ्या भाकरीचा काला, कढी, ठेचा, वॉचमनच्या घरचा ढोकळा. जे एरवी दुपारी कचऱ्यात गेलं असतं, ते पंगतीत फिरू लागलं. हात धुवायच्या नळाशी खुशीने तिचा वर्ग उभा केला. ताटात शीत दिसलं की पोरं त्या माणसाला हाताला धरून परत जागेवर नेऊन बसवत. वॉचमन दोनदा परत गेला!

परीक्षक बाई आल्या, त्यांनी हे सगळं पाहिलं आणि थक्क झाल्या. "पोस्टरचा असा परिणाम मी कुठे पाहिला नाही! हे बनवलं कोणी?"

आता मी पुढे व्हायला हवं होतं, बरोबर? पण माझी वेगळीच पंचाईत झाली होती. बोर्ड माझा, म्हणजे यजमान मी. आणि यजमानाने प्रत्येक घरचा घास खाल्लाच पाहिजे! कोणी खिचडी वाढतंय, कोणी तिच्यावर ढोकळा, ढोकळ्यावर कढी. नको म्हटलं तर लोकांना राग. गळ्यापर्यंत आलं तेव्हा मी माझ्या ताटावर दुसरं रिकामं ताट पालथं घातलं आणि गुपचूप नळाकडे सटकलो.

तिथे खुशी!

"पप्पा, वरचं ताट उचला."

"अगं, बाई बोलावताहेत ना..."

तिने स्वतःच उचललं. बाई शेजारीच येऊन उभ्या होत्या. सगळं मैदान बघत होतं.

"बाई," खुशी शांतपणे म्हणाली, "पोस्टर सगळ्यांनी वाचलं. पप्पा तेवढे छापण्यात गुंतले होते."

बाईंनी हातातला निकालाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "ठीक आहे. यांचं ताट चकचकीत झालं की निकाल. नाहीतर सातवी ब चा नंबर कापला!"

नळाशेजारीच मांडी घातली मी. एकेका घासाला सातवी ब टाळ्या वाजवत होती. ढोकळा उतरला, कढी उतरली, पण खिचडी काही केल्या संपेना. डोळ्यांत पाणी आलं. खुशी समोर उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, थोडंच राहिलंय." तिच्यासाठी ते शेवटचं शीतही बोटाने पुसून खाल्लं.

उठलो. सगळ्यांना दिसावं म्हणून ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं. टाळ्यांचा कडकडाट! बाईंनी पर्स उघडली, कागद बाहेर काढला.

आणि शेवटच्या रांगेला वाढून परतणाऱ्या देवका अक्कांना काय दिसलं? यजमान रिकामं ताट पुढे करून उभा!

"लाजू नको रे भाऊ, आखो ले!" आणखी घ्यायचा आग्रह करत अक्कांनी बादली कलती केली, आणि उरलेली सगळी खिचडी माझ्या ताटात ओतली.