शेगुलाबाईंचा डोळा आणि राजाचं अंजीर

मोशे संदेष्ट्यासाठी समुद्र दुभंगला यात रीबेन झिराडकरांना विशेष काही वाटत नसे. "आमच्या अलिबागचा रोज दुभंगतो," ते म्हणायचे. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जायचं, आणि भरतीची वेळ विसरला तो बुडाला. मोशेच्या पाठलागावर आलेले फारो राजाचे लोक वेळ विसरले, एवढंच. त्यावर आतून त्यांच्या पत्नी शेगुलाबाई विचारायच्या, मग लिहिणाऱ्याला ओहोटी हा शब्द येत नव्हता का?

लोणावळ्यात त्यांची आणि आमची भिंतीला भिंत. रीबेनभाऊ रेल्वेत सिग्नल फिटर होते, एकोणीसशे साठच्या सुमारास निवृत्त झाले. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून वर आलेले आपले मराठी ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की भाऊ पवित्र ग्रंथ मोठ्यानं वाचत आणि प्रत्येक चमत्कार सिग्नलसारखा खोलून बघत. बाईंचं म्हणणं, लिहिलंय ते लिहिलंय. मला या भांडणाची भारी गोडी. आमच्याकडे भाजीत मीठ जास्त झालं यावरून भांडणं व्हायची. इथं निदान विषय तरी मोठा असायचा.

मग बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. चहात मीठ पडलं तोवर आम्ही हसलो. पदर स्टोव्हवर गेला त्या दिवशी मात्र भाऊंचं तोंड उतरलं. आणखी थांबलात तर डोळे हातचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंनी ऑपरेशनला साफ नकार दिला. त्या एलियाहू हनाबीला, म्हणजे त्यांच्या संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोलल्या होत्या: गूळखोबरं घातलेले पोहे आणि पाच फळं. आंधळ्यांचे डोळे परमेश्वर उघडतो असं लिहिलंय, त्या म्हणाल्या. डॉक्टर उघडतो असं कुठं लिहिलंय ते वाचून दाखवा.

भाऊंना खोटं वाचता आलं असतं. बाईंना अक्षर दिसत नव्हतं. एखादी ओळ पदरची घातली असती तर कोणाला कळणार होतं? मी तसं सुचवलंसुद्धा. ते माझ्यावर असे उखडले की पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत. चमत्कार न मानणारा हा माणूस त्या पुस्तकातली एक मात्रा इकडची तिकडे करायला तयार नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला.

शोधून शोधून त्यांना ग्रंथात हिज्कीया राजा सापडला. राजाला जीवघेणं गळू झालं. मी तुला बरं करीन असं देवानं सांगितलं, आणि तरीही यशया संदेष्ट्यानं त्यावर अंजिराचा लगदा बांधायला लावला. बघ, देवालासुद्धा औषध लागतं, म्हणून भाऊंनी ऐटीत पुस्तक मिटलं.

"मग अंजीर आणा," बाई म्हणाल्या.

भाऊंनी पुण्याहून अंजीर आणलं. रोज सकाळी स्वतः कुस्करून, फडक्यात घालून ते बायकोच्या मिटल्या डोळ्यांवर बांधायचे. उशीला मुंग्या लागल्या. दूध घालायला येणारी कुरवंडे गावची सरुबाई दारात उभी राहून बघायची.

"तुमचा द्येव लय बोलतो बाई," ती म्हणाली. "आमचा निस्ता बघतो."

शेवटी बाईंनीच फडकं सोडलं. तिथं गळू लिहिलंय, डोळा नाही, असा त्यांनी निवाडा दिला. डोळ्याला काय लावायचं ते आता तुमच्या डॉक्टरला विचारा. अट एकच, मलिद्याचा नवस भाऊंनी टोपी घालून, उभं राहून, स्वतःच्या तोंडानं बोलायचा. भाऊ अडखळत का होईना, पण बोलले. बाई मला नंतर म्हणाल्या, इतके दिवस अंजीर बांधलं, पण एकदाही मला हसले नाहीत गं, मग मी तरी किती ताणणार?

पुण्याच्या इस्पितळात बाईंना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी भाऊंच्या शेजारी बाकावर बसले होते. ते समोरच्या भिंतीवरचं ऊन बघत राहिले. आणलेला चहा तसाच गार झाला. मला त्यांची फार दया आली.

पट्टी सुटली तेव्हा बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि दाढी का केली नाही म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, "यहोशवाच्या लढाईत सूर्य आकाशात थांबला असं लिहिलंय ना? तू आत होतीस तेव्हा थांबला होता, शेगुला. मी पाहिला."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"दिवस लांब वाटला असेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.