वाचनबाईंचा फितूर आवाज

आमच्या वाचनबाईंना पुस्तकाचा शेवट आधी बघितल्याशिवाय चैन पडत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. सतरा वर्षं काचेच्या अलीकडे बसून मी त्यांचा आवाज टेपवर घेतला, आणि त्यातली निदान बारा वर्षं या एका खोडीपायी त्यांच्याशी भांडलो.

आमचं काम सांगतो, म्हणजे भांडण कळेल. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी आम्ही बोलकी पुस्तकं करायचो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतली बाईंची. तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी बंद, पंखाही बंद, कारण पंख्याची घरघर टेपवर येते. एक टेबल, पुस्तक ठेवायला लाकडी तिरका स्टँड, पाण्याचा पेला आणि टेप सुरू झाली की लागणारा एक लाल दिवा. बाहेरची खोली माझी. तिथं दोन मोठी चाकं फिरणारं मशीन, हेडफोन, एक ब्लेड, चिकटपट्टी आणि टोपली. बाई चुकल्या किंवा खोकल्या, की तेवढी टेप ब्लेडनं कापायची आणि दोन टोकं जोडायची. नुसत्या गप्प राहिल्या तरी कापायची. तीन सेकंदांच्या वर शांतता नको, असा आमच्या साहेबांचा नियम होता. ऐकणाऱ्याला वाटतं मशीनच बंद पडलं. मी नियमाचा पक्का माणूस. रोज संध्याकाळी माझ्या टोपलीत बाईंचे खोकले आणि उसासे ढीगभर पडलेले असायचे.

बाई दिसायला अगदी साध्या. पन्नाशीला आलेल्या, बुटक्या, खांद्याला नवऱ्यानं शिवलेली कापडी पिशवी. नवरा शिंपी होता. बाई आत जाताना हातातलं घड्याळ माझ्या टेबलावर काढून ठेवायच्या, कारण टिकटिक ऐकू येते. कपडे नेहमी दहा वेळा धुतलेले, मऊ पडलेले, सळसळ न करणारे. साडेदहाला एक केळं खायच्या, पोट गुरगुरू नये म्हणून. आणि आवाज म्हणाल तर, शेजारी बसून कुणीतरी आपलं माणूस सांगतंय असा. त्यात नाटकीपणा औषधालाही नव्हता.

फक्त ती खोड. नवीन पुस्तक मिळालं की बाईंना ते घरी नेऊन चाळायची मुभा असे, अवघड शब्द बघून ठेवायला. पण बाई घरापर्यंत थांबतील तर शपथ. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच शेवटची वीस पानं वाचून व्हायची. एकदा अशाच वाचत उतरताना पायरी चुकली आणि पाय मुरगळला. मी धावत गेलो, तर बाई जिन्यात बसलेल्या, आणि बोट अजून शेवटच्या पानात.

"बाई, सिनेमालासुद्धा बाहेर पडायच्या दारानं आत शिरता का हो?" मी विचारलं.

"शेवट कळला की मी निवांत वाचते, भाऊ. नाहीतर जीव नुसता टांगणीला."

याचं कारण एकदा दुपारी दिवे गेले तेव्हा कळलं. मशीन बंद, करायला काही नाही, बाई दार उघडून माझ्या खोलीत येऊन बसल्या. आठ वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांची आई आजारी पडली. यांना मावशीकडे पाठवलं. महिनाभर सगळे म्हणत होते, आई बरी होतेय. मावशीनं नवे बूट घेतले, लाड केले. परत आल्या तर आईची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली. "घरात सगळ्यांना आधीच माहीत होतं, भाऊ. शेजारच्या मुलीलासुद्धा. मला एकटीलाच नव्हतं. मी तिथं बूट घालून अंगणात उड्या मारत होते." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यानंतर मी त्यांच्याशी भांडायचं सोडलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा जिन्यात पुस्तक उघडलं आणि मी पुन्हा भांडलो.

मग एक दिवस साहेबांना फोन आला. फोन करणारे आमचे सगळ्यात जुने श्रोते, ऑपरेटरकाका. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस खोटं बोलतोय की रडून आलाय ते सांगायचे. आता अंधांच्या एका वसतिगृहात राहत, आणि रोज चारच्या सुमाराला सहाजण मधल्या खोलीत बसून आमची कॅसेट ऐकत.

"साहेब, तुमच्या बाई गोड वाचतात," ते म्हणाले, "पण पहिल्या प्रकरणातच सगळं सांगून टाकतात."

साहेबांना काही कळेना. मग काकांनी फोड करून सांगितलं. जे पात्र पुढं मरणार असतं, त्याच्याबद्दल वाचताना बाईंचा आवाज मऊ होतो. खुनी असेल त्याच्याशी बाई जरा तुसडेपणानं वागतात, तो बिचारा नुसता चहा पीत असला तरी. "आम्ही तिसाव्या पानाला पैज लावतो. मी नेहमी जिंकतो. पण मग पुढची तीनशे पानं ऐकायची कशाला?"

मी हेडफोन लावून जुन्या टेप काढून ऐकल्या आणि कपाळावर हात मारला. काका खरं बोलत होते. इतकी वर्षं मी खोकले कापत बसलो आणि ही गोष्ट माझ्या कानांवरून गेली.

साहेब वाईट नव्हते, पण हिशेबी बोलायचे. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की पुढचं पुस्तक शेवट न बघता वाचायचं. पुस्तक माझ्या कपाटात राहील, रोज माझ्या नजरेसमोर एका प्रकरणापुरतंच हातात मिळेल. "काकांनी याही वेळी ओळखलं, तर वाचायला दुसरं कुणीतरी बघू. तुम्ही खाली कॅसेटच्या देवघेवीला बसा."

बाईंचा चेहरा उतरला. देवघेवीचं काम काही हलकं नव्हतं. पण त्या गाद्यांच्या खोलीत बसून वाचणं हे बाईंचं सगळं होतं. ते गेलं असतं तर त्या बोलल्या नसत्या, नुसत्या विझल्या असत्या. मलाही वाईट वाटलं, पण मी तोंडानं म्हणालो, "बघा, मी सांगत होतो."

पुस्तक जाडजूड होतं. नदीवर होडी चालवणारा एक माणूस आणि काठावर दुकान चालवणारी त्याची थोरली बहीण. भाऊ तापट, बहीण बोलायला फटकळ पण जीव लावणारी. पुराचे दिवस जवळ येत जातात आणि हा माणूस होडी काढायचं थांबत नाही. तिसऱ्या दिवशीच बाईंचं काही खरं नाही हे मला दिसलं.

"बुडतो का हो तो?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"मला काय माहीत? मीही तुमच्याबरोबरच ऐकतोय."

"तुम्ही बघा ना कपाट उघडून. मला फक्त एवढंच सांगा, चांगला की वाईट."

"मी सांगितलं तर तुमचा आवाज उद्या चहाडी करेल."

बाई रुसल्या. दोन दिवस घड्याळ माझ्या टेबलावर ठेवण्याऐवजी पिशवीत ठेवत होत्या. मग एका सकाळी चोरासारख्या आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. मी सार्वजनिक वाचनालयातून तेच पुस्तक आणलंय."

मी असा काही भडकलो की विचारू नका. बाईंनी सगळं निमूट ऐकून घेतलं. मग कळलं की पुस्तक आणल्यावर त्या स्वतःच घाबरल्या आणि ते नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाल्या, लपवा कुठंतरी. नवरा शांत माणूस, आयुष्यात एक पुस्तक न वाचलेला. त्यानं लपवाछपवी केली नाही. सुईदोरा घेतला आणि शेवटची पंचवीस पानं कडेनं टाचून टाकली, कोटाचं कापड शिवण्याआधी टाचतात तसे लांब कच्चे टाके घालून. पुस्तक सरळ टेबलावर ठेवलं आणि बायकोला म्हणाला, "एक दोरा ओढलास की सगळे सुटतील. पानांना काही होणार नाही. तुझं तू बघ."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, काल दुपारी कात्री घेऊन बसले होते. पहिल्या टाक्याखाली टोक घातलं. मग वाटलं, माझे डोळे गप्प बसतील, पण आवाज फितूर होईल. ठेवली कात्री." आणि त्यांनी घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं. समेट झाला.

पुढचे दहा दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. बसमध्ये शेजारी कुणी पुस्तक उघडलं तरी मान फिरवायच्या. पण वाचताना मात्र मला काहीतरी वेगळं ऐकू यायला लागलं. होडीवाल्याशी भांडताना थोरलीचा आवाज खरोखर चिडलेला येई. पुढं काय होणार याची काळजी नसलेला, त्या क्षणी जेवढं भांडण आहे तेवढंच भांडणारा. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बाई त्याच्याकडे लक्ष देऊ लागल्या असत्या आणि सगळं बिघडलं असतं.

शेवटचं प्रकरण आलं त्या दिवशी बाईंनी केळं खाल्लं नाही. मी लाल दिवा लावला. पूर आला. भाऊ होडी घेऊन मधोमध अडकला. बाई स्टँडवर पुढं वाकलेल्या, आणि मी नियमाचा पक्का माणूस हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसलेलो. भाऊ वाचला. काठाला लागला. बाईंचा आवाज हलका झाला, माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी पान उलटलं आणि वाचलं, की भाऊ भिजलेल्या अंगानं दुकानाशी आला तेव्हा थोरली तिथं नव्हती. ती पहाटेच देवाघरी गेली होती, भांडी घासून, पालथी घालून, त्याच्यासाठी कोरडे कपडे काढून ठेवून.

बाई थांबल्या.

मी काचेतून बघितलं. त्या रडत नव्हत्या. पुस्तकाकडे बघत होत्या, आठ वर्षांच्या मुलीनं भिंतीला टेकवलेल्या खाटेकडे बघावं तशा. मशीनची चाकं फिरत होती. मी थांबवायला हवं होतं, पण माझा हात उठला नाही. मग बाईंनी एकदा आवंढा गिळला आणि पुढं वाचायला लागल्या. आवाज बसलेला होता, पण शेवटच्या ओळीपर्यंत कुठं अडखळला नाही.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "तेवढं मधलं कापा हं भाऊ. चूक झाली माझ्याकडून."

"कापतो," मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी ब्लेड घेऊन बसलो. मोजलं तर अकरा सेकंद भरली. नियमाप्रमाणे आठ तरी टोपलीत जायला हवी होती. खुर्ची करकरल्याचा आवाज होता, आवंढा होता, बाकी काही नव्हतं. मी ते चार वेळा ऐकलं. मग ब्लेड खणात टाकलं आणि टेप आहे तशी कॅसेटच्या प्रती काढायला पाठवून दिली. साहेबांनी ऐकलं असतं तर मीच देवघेवीला बसलो असतो.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. साहेबांनी बाईंना खाली बोलावलं, मी आपण होऊन मागोमाग गेलो. साहेबांनी विचारलं, "काय काका, ओळखलंत का?"

"हरलो," काका म्हणाले. आवाज एवढा मोठा की सगळ्या खोलीत ऐकू येत होता. "मी होडीवाल्यावर पैज लावली होती. बाईंना द्या फोन."

बाईंनी रिसीव्हर कानाला लावला.

"बाई, तुम्ही मध्ये थांबलात," काका म्हणाले.

बाईंनी गर्रकन माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघायला लागलो.

"माफ करा काका. ते कापायचं राहिलं."

"राहिलं ते बरं झालं. तुम्हालाही माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"आम्हाला वाटलंच. तुम्ही थांबलात आणि आम्ही सहाजण इथं तसेच बसून राहिलो. कुणी हललं नाही की कुणी खोकलं नाही. मशीन बंद पडलं असं कुणालाही वाटलं नाही, हे तुमच्या साहेबांना सांगा. तुम्ही परत वाचायला लागलात तेव्हा आम्ही श्वास सोडला."

साहेबांनी टेबलावरचे कागद उगाच नीट केले आणि म्हणाले, "बाई, नवीन पुस्तक आलंय. कपाटातून घेऊन वर जा."

बाई वर आल्या. पुस्तक न घेताच माझ्या खोलीत आल्या. आता मला बोलणी बसणार म्हणून मी तयारच होतो.

"तुम्ही खोटं बोललात माझ्याशी."

"बोललो."

"लावा ती टेप."

मी टेप लावली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. त्यांनी डोळे मिटले. टेप त्या जागी आली, मला चाकांवरून कळलं. अकरा सेकंद त्या स्वतःचं गप्प राहणं ऐकत होत्या. मग हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"सहाजण होते हो भाऊ," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "त्यांनाही तेव्हाच कळलं. माझ्याबरोबर."