पिकअपला झेपेल असा डबा

आखातातून कायमचे परत आले तेव्हा माझ्या नवऱ्याने दोन गोष्टी मनात पक्क्या करून आणल्या होत्या. यापुढे कुणाची चाकरी करायची नाही, ही एक. दुसरी म्हणजे गाडीच्या मागे जोडून नेता येईल अशी चाकांवरची खोली घ्यायची. आत झोपायचं, चहा करायचा, मनाला येईल तिथे थांबायचं.

तिकडे ते एका धनिकाकडे ड्रायव्हर होते. सुट्टी लागली की मालकाचं कुटुंब वाळवंटात जाई, आणि ह्यांनी ती पांढरी खोली गाडीला जोडून ओढत न्यायची. मालक आत गाद्यांवर, हे बाहेर गाडीच्या सीटवर. एरवी राहायला कामगारांचा कॅम्प. कॅम्पाबद्दल ते कधी फारसं बोलले नाहीत. त्या पांढऱ्या खोलीबद्दल मात्र जेवताना, झोपताना, रोह्याच्या बाजारात भाजी घेताना, सारखं बोलत.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. आमच्याकडे असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. सासूबाई त्याला डबा म्हणायच्या. "घर बांधून ठेवलंय, नि हा डब्यात झोपायला निघाला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मला घाणीचा लहानपणापासून तिटकारा. दुसऱ्याच्या घरी पाण्याचा पेला हातात आला की मी आधी हळूच वास घेते. कुणीतरी वापरलेल्या डब्यात, कुणीतरी लोळलेल्या फळीवर झोपायचं, या विचारानेच माझ्या अंगावर काटा यायचा. पण इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस एक गोष्ट मागतोय, तर बघायला जायला काय हरकत आहे, असं मी स्वतःला समजावलं.

आमची पिकअप जुनी होती, इंजिन दणकट. पण ते म्हणायचे, इंजिनावर जाऊ नये. "गाडीने डबा ओढला पाह्यजे. उताराला डब्याने गाडी ढकलता कामा नये. नि विकणारे सगळे रिकामं वजन सांगतात. पाण्याची टाकी भरली, सिलिंडर ठेवला, गाद्या, भांडी, तू, मी, मग किती? तेवढंच विचारायचं."

पहिला डबा वडखळ नाक्याजवळ एका गॅरेजमागे होता. खतांचा प्रचार करत गावोगाव फिरलेला, जाड लोखंडी पत्र्याचा. गॅरेजवाला गुटखा चघळत आला, चाकाशेजारीच थुंकला आणि हाताने तोंड पुसून त्याच हाताने दार उघडलं. उंदरांच्या मुताचा वास नाकात असा घुसला की डोळ्यांना पाणी आलं. कोपऱ्यातली गादी घामाने काळी पडून चिकट झालेली. भांडी धुवायच्या कुंडीत कसला तरी गाळ होता आणि त्यात वळवळ दिसली. मी मागच्या मागे खाली उतरले.

"भाभी, पंखा पण हाय आत," तो म्हणाला.

ह्यांनी तरीही डबा जोडून पाहिला. पिकअपचा मागचा भाग असा बसला की पुढची चाकं उचलल्यासारखी दिसायला लागली. पुलाच्या चढाला क्लच जळल्याचा वास सुटला. परत आल्यावर हे म्हणाले, "स्टेअरिंग हाताला पोकळ लागतंय. नाय झेपत." गॅरेजवाला उलट आमच्यावरच घसरला, "तुमची गाडीच मरतुकडी हाय." आणि परत थुंकला. घरी आल्यावर मी चपला बाहेरच धुतल्या.

मग माझ्या माहेरी, पेणला, एका मंडपवाल्याकडे एक पाहिला. तो हलका होता खरा, पण प्लाय कुजून गेलेला. ह्यांनी बोट टेकलं तर बोट आरपार गेलं, आणि त्या भोकातून झुरळं बाहेर पडायला लागली.

तिसऱ्याची खबर त्या मंडपवाल्यानेच दिली. रस्त्याकडेला चर खणून पाइप टाकायचे ठेके घेणारा एक ठेकेदार होता, वडखळच्या पलीकडे त्याचं आवार. त्याच्याकडचा डबा म्हणे कुणा परदेशी इंजिनिअरबरोबर आलेला, ॲल्युमिनियमचा.

ठेकेदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होता. अत्तर लावलेल्या रुमालाने सारखा मान पुसत होता. हे डब्याभोवती एकदा फिरले, खाली वाकून टायर बघितले आणि पुढचा हूक एकट्याने उचलला. माझ्याकडे बघून हसले. लग्नात हसले होते तसे. "हलका हाय गो. हाच."

"आत बघा ना शेठ," म्हणत ठेकेदाराने दार ओढलं.

आत माणसं झोपली होती. रात्रपाळी करून आलेली. फळीवर, जमिनीवर, एक तर टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले. त्या अंधारातून घाम, ओले कपडे, रॉकेल आणि आंबलेला भात असा सगळा मिळून एक ऊबट वास बाहेर आला.

"उठो रे, पार्टी आयी है," ठेकेदार म्हणाला. एक जण हलला नाही, तर त्याच्या तळपायाला त्याने बुटाचं टोक लावलं, उकिरड्यावरची पिशवी उलथून बघावी तसं. माणसं उठली. कुणी रागावलं नाही. लुंग्या सावरत एकेक करून उन्हात जाऊन उभी राहिली. मी बाई माणूस समोर उभी, म्हणून त्यांनी माना खाली घातल्या. मलाच कुठे बघावं कळेना.

ठेकेदार आम्हांला कपाट दाखवत होता. त्यात कुणीतरी ताटलीत भात झाकून ठेवला होता. त्याने ती ताटली एका बोटाने बाजूला सरकवली आणि ते बोट रुमालाला पुसलं. "धुऊन देतो. फिनाईल मारून एकदम कोरं."

"आणि ही माणसं?" मी विचारलं.

"ह्यांचं काय वहिनी, ताडपत्री बांधतील. ह्यांना सवय असते." मग लगेच, "थंडा मागवू?"

पहिल्या डब्यातली वळवळ बघून आली त्याहून मोठी शिसारी मला त्या माणसाच्या गुळगुळीत हाताकडे बघून आली. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. आणि हे बोलले, "पाण्याची टाकी किती लिटरची?"

नागोठणं येईपर्यंत मी एक शब्द काढला नाही. मग मीच म्हणाले, "मी त्यात झोपणार नाही. आणि तुम्हीही कसे झोपाल मला कळत नाही. लाज वाटते."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. चिडले की त्यांची गावची बोली आणखीच पक्की व्हायची. "मी झोपलो तसा. त्यांच्यासारखाच, कॅम्पात टेबलाखाली. तेव्हा कोण आला व्हता बघायला? आता माझी पाळी हाय, तर मला लाज?"

माझी शिसारी त्याने गेली नाही, उलट तिच्यात आता तेही आले. दोन दिवस मी त्यांचं ताट वाढून आत निघून जायचे.

त्यांनी डबा आणलाच. मुद्दाम सुकेळी खिंडीतून, कोलाडवरून वळसा घालून आले, चढ-उतार दोन्ही पारखायला. पिकअपने तो सहज ओढला होता. आळीतली सगळी जमली. हे खूश होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "माणसं?" मी विचारलं. "ताडपत्री बांधत व्हती," एवढंच म्हणाले.

मग घासायला लागले. फिनाईल, सोडा, चुन्याचं पाणी. पुठ्ठे काढून जाळले, फळ्या उन्हात टाकल्या. तोंडाला टॉवेल बांधून रोज सकाळपासून आत. मी मदतीला गेले नाही. सासूबाईंनी मात्र परसातल्या तुळशीपासून डबा लांब उभा करायला लावला.

घासून झाल्यावर एका दुपारी म्हणाले, "बघ, मी झोपून दाखवतो." दार लावून घेतलं. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं, हे धडपडत बाहेर आले आणि माडाच्या बुंध्याशी ओकले. मी तांब्या घेऊन धावले. त्यांची पाठ चोळत होते, तर ते म्हणाले, "तोच वास हाय गो."

"कुठला?"

"कॅम्पाचा. इतकी वर्षं आत होतो, मला कधी आलाच नाय. आज दार लावलं नि आला." मग तोंडावर पाणी मारून म्हणाले, "सुट्टीवर यायचो तेव्हा आई माझे कपडे परसात वेगळे भिजवायला लावायची. मला वाटायचं, प्रवासाची धूळ."

ते कपडे मी धुवायचे. त्यांची बॅग उघडताना मी श्वास रोखून धरायचे. अत्तराच्या बाटल्या, साबण, साड्या वर असायच्या आणि त्या सगळ्यांच्या खालून तो वास यायचा. ठेकेदाराने दार उघडलं तेव्हा मी तो ओळखला होता. नागोठण्यापर्यंत गप्प बसले ती म्हणूनच. तेव्हा बोलले नव्हते ते सगळं मी त्या दुपारी माडाखाली बोलून टाकलं. ते ऐकत राहिले. त्यांचे हात फिनाईलने पांढरे पडले होते, कातडी सोलली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याच्या आतल्या भिंती उचकटायला घेतल्या. वास त्या पत्र्याआडच्या कापसासारख्या थरात मुरला होता, तो लगद्यासारखा हाताला यायचा. या वेळी मी टॉवेल बांधून आत गेले. दोनदा बाहेर येऊन उलटी केली, पण गेले. शेवटी सांगाडा, चाकं आणि वरचा पत्रा तेवढा उरला. रोह्यातल्या एका सुताराकडून आतून पातळ प्लाय मारून घेतला, फळ्या नव्या केल्या, खिडक्या मोठ्या केल्या. भाताच्या गिरणीजवळच्या वजनकाट्यावर टाकी भरून, सिलिंडर ठेवून, मला आत बसवून वजन केलं. ह्यांच्या अंदाजापेक्षा हलका भरला. काट्यावरचा माणूस मला बघून हसत होता. हसू दे म्हटलं.

पावसाळा उलटल्यावर तो ठेकेदार जीप घेऊन आमच्या दारात आला. त्याला कुणा साहेबासाठी डबा परत हवा होता. "वहिनी, चकाचक केलंत की. द्या आता, मी चांगला भाव देतो." मी विचारलं, ती माणसं कुठे आहेत. "पळाली. असली टिकत नाहीत," म्हणाला आणि तोच अत्तराचा रुमाल मानेवरून फिरवला. आमच्याकडे दारी आलेल्या परक्यालासुद्धा आधी पाणी देतात. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि दिलं नाही. हे मागून आले. "विकायचा नाय," म्हणाले आणि तो जीपमध्ये बसेपर्यंत तिथेच उभे राहिले.

त्या वर्षी थंडीत आम्ही पहिल्यांदा निघालो, काशीदच्या बाजूला. सुरूच्या झाडांत पिकअप उभी केली. थोड्याच वेळात गावातली एक म्हातारी काठी टेकत आली, खिडकीतून आत डोकावली आणि लस टोचणारी गाडी समजून म्हणाली, "काय गो, टोचायला आलीस काय? आमच्याकडची पोरां झाली टोचून." मी तिला आत बोलावून चहा दिला. तिने फळीवर हात फिरवून बघितला, ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "घर नाय काय तुमाला?"

"हाय," हे म्हणाले. आणि तिला चाकं, हूक, टाकी, सगळं समजावून सांगायला लागले.

झोपताना ते दार लावू देईनात. डास येत होते, वारा येत होता, वाळू अंथरुणावर येत होती. मला वाळू मुळीच सहन होत नाही. मी उठून दोनदा चादर झटकली. ते दाराशी डोकं ठेवून, तोंड बाहेर करून गाढ झोपले होते.