हबसाणचा डोहाळा

नव्वदच्या दशकात आमच्या रोह्यातून माणसं परदेशी जात ती नोकरीला, नाहीतर कायमची. आराम करायला परदेशी जाणारं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. आरामाला बाईला माहेर असतं, आणि माझं माहेर पेणला होतं, एसटीत बसून कोलाड, खांब, वडखळ करत गेलं की आलंच. त्यामुळे पाचवा महिना लागल्यावर मी एकदा जेवताना सहज म्हटलं, "मला पंधरा दिवस मस्कतला जायचंय, भावाकडं. काही काम नाही, नुसता आराम करायला," तेव्हा सासूबाईंनी आधी माझ्या ताटाकडं पाहिलं. भात तसाच होता. मग त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

ताप नव्हता. विचार बरेच दिवस चाललेला होता. भाऊ दर रविवारी पेणच्या घरी फोन करायचा. त्याचं घर समुद्राजवळ होतं. तो आणि वहिनी दोघंही सकाळी कामाला जात ते संध्याकाळी येत. "दिवसभर घरात तू एकटी असशील, कंटाळशील हो," असं तो मी पेणला असले की मला बजावायचा. मला नेमकं तेच हवं होतं, पण भावाला हे सांगून कळलं नसतं.

आदल्या वर्षी माझं पहिलं मूल पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर या खेपेला दिवस राहिले तेव्हापासून सासूबाई मला एकच प्रश्न विचारत होत्या, "दुखत नाय ना गो?" मी कपडे वाळत घातले की विचारायच्या, न्हाणीतून बाहेर आले की विचारायच्या, नुसती खिडकीशी उभी राहिले तरी विचारायच्या. त्यात जाच नव्हता, काळजीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी विचारलं की माझ्या पोटात खरंच काहीतरी दुखल्यासारखं व्हायचं. मी घाबरलेली होते. आणि मला थोडे दिवस कुणाला उत्तर न देता, एकटीनं, निवांतपणे घाबरायचं होतं.

डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. पाचवा-सहावा महिना प्रवासाला बरा, आठवा लागला की मात्र विमानवालेच बसू देत नाहीत, असं त्या म्हणाल्या. पासपोर्ट भावाच्या आग्रहानं आधीच काढून ठेवलेला होता. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. सैल गाऊन घ्यायचे, मेतकूट घ्यायचं, वहिनीला पेणचे पोह्याचे पापड. गेल्यावर काय करायचं तेही ठरलं होतं. सकाळी ती दोघं गेली की दार लावायचं, आणि समुद्राकडं तोंड करून खुर्चीत बसायचं. यापुढं माझ्या बेतात काहीच नव्हतं.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आईला विचार." तो धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा. लहानपणापासून त्याचा डावा कान वाहायचा, त्यात कायम कापसाचा बोळा असे. घरात वादाची चिन्हं दिसली की तो हळूच खुर्ची फिरवून डावी बाजू आमच्याकडं करायचा.

सासूबाईंना विमानाचं काही वाटत नव्हतं. त्यांचं अडलं होतं पाण्यावर. "पोटुशीनं पाणी वलांडू नये," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, आपण कुंडलिका नदीच्या पुलावरून पलीकडं अष्टमी गावात जातोच की. पेणला जाताना किती नद्या लागतात."

"पुलावरनं गेलं ते वलांडलं नाय. पूल म्हंजे जमीनच."

"मग विमानात तर पाण्यापासून किती उंच—"

"त्याच्याखाली पूल हाय?"

खाली अरबी समुद्र आणि पूल नाही, हे खरंच होतं. मी रागानं ताट उचललं.

त्याच आठवड्यात मी पेणला गेले आणि शेजारच्या मावशींकडं जाऊन सगळं ओकून टाकलं. या मावशी इस्रायली. आमच्याकडे त्यांना ज्यू कुणी म्हणत नाही, इस्रायलीच म्हणतात. त्यांची पोरंबाळं, दीर-जावा सगळी केव्हाच तिकडच्या देशात निघून गेली होती, मावशी तेवढ्या मागं राहिल्या होत्या. त्यामुळे परदेश म्हटलं की आमच्या आळीत त्यांचा शब्द शेवटचा. त्या खोबरं खवत होत्या. खवता खवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझं चुकलं कुठं सांगू?" त्या म्हणाल्या. "तू हौस सांगितलीस. हौशीला सासू नाय म्हणणारच, तिचं कामच हाय ते. तू डोहाळा म्हण. डोहाळ्याला नाय म्हणायची कुणाची टाप हाय?"

"मावशी, डोहाळा खाण्यापिण्याचा असतो."

"कोण म्हणतं? थोरलीच्या वेळी मला मोटारीच्या धुराचा लागलेला. आमचे हे मला वडखळच्या नाक्यावर नेऊन उभी करायचे. ट्रक गेला की विचारायचे, झालं का गो?"

मी इतकी हसले की पोट धरावं लागलं. मग परत जाताना एसटीत विचार करत बसले. डोहाळा म्हणजे तरी काय, न मिळाल्यावर दुसरं काही सुचू नये असं मागणं. मग माझं मागणं वेगळं कुठं होतं? वडखळचा नाका आला तेव्हा दोन ट्रक धूर सोडत उभे होते. मी वास घेऊन पाहिला, मला मळमळलं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सरळ सांगितलं, "आई, मला मस्कतच्या समुद्राचा डोहाळा लागलाय."

त्या तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच मांडीवर राहिलं. न पुरवलेला डोहाळा पोराच्या कानावाटे वाहतो, ही आमच्याकडची ठाम समजूत, आणि तिचा पुरावा तिथंच पेपर वाचत बसला होता. सासूबाईंनी लेकाच्या कापसाच्या बोळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं होतं मी जिंकले. पण त्या दोन्हीकडून अडकल्या होत्या, एकीकडं पाणी आणि दुसरीकडं कान. पुढचे काही दिवस त्यांनी मला तो नेहमीचा प्रश्नसुद्धा धड विचारला नाही. नुसत्या येरझारा घालत होत्या.

शेवटी माझाच धीर सुटला. मी म्हटलं, "मागच्या वेळी मी कुठलं पाणी ओलांडलं होतं? साधी पुलावर गेले नाही. तुम्ही सांगितलं ते सगळं पाळलं. तरी गेलंच ना?"

हे मी त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "तुला मस्कत, मला हबसाण."

हबसाण हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. कुंडलिकेच्या खाडीपलीकडं पूर्वी जंजिऱ्याच्या हबशी नवाबाचा मुलूख होता. नवाबी जाऊन किती वर्षं लोटली, तरी जुनी माणसं त्या बाजूला हबसाणच म्हणत. सासूबाईंचं माहेर तिकडचं, खाडीच्या मुखाशी, आणि तेव्हाचं सासर समोर अलीकडच्या काठावर; रोह्याला बिऱ्हाड नंतर आलं. माझा नवरा पोटात होता तेव्हा त्यांना माहेरच्या वाळूत बसून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायचा डोहाळा लागला. अलीकडून माहेरचे माड दिसत, चुलीचा धूरही दिसे. मधे पाणी. तेव्हा तिथं पूल नव्हता, आणि त्यांच्या सासूनं पाणी ओलांडू दिलं नाही.

"आयनं होडीवाल्याबरोबर भाकरी-चटणी पाठवली व्हती," त्या म्हणाल्या. "खाल्ली मी. पण मला ती तिथं बसून खायची व्हती."

मग त्यांनीच तोडगा काढला. त्यांचा राहिलेला डोहाळा आता तरी पुरवून बघायचा, लेकाचा कान थांबतो का ते. डोहाळा त्यांचा आणि पोटुशी मी, दोघींची मिळून एक डोहाळकरीण होईल, असा त्यांचा हिशेब. मला घेऊन होडीतून पाणी ओलांडायचं होतं, आणि हे त्यांनीच ठरवलं होतं. त्यांना किती भीती वाटत असेल याचा अंदाज मला त्या मळलेलं पीठ पुन्हापुन्हा मळत बसल्या तेव्हा आला. तरी त्यांनी भाकऱ्या भाजल्या, चटणी डब्यात भरली.

खाडीच्या मुखाकडं आता पूल होता आणि त्यावरून एसटी जात होती. होडीवाला म्हणाला, "आजी, पुलावरनं जावा की. कशाला या पोटुशीला होडीत घालताव?"

"पुलावरनं जाऊन उपयोग नाय," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचून होडीत चढल्या.

पाणी शांत होतं. त्यांनी एका हातानं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि दुसरा हात स्वतःच्या पोटावर ठेवला होता. त्यांचे डोळे मिटलेले होते. मला भीती वाटेल असं मी धरून चालले होते, पण वाटली नाही. त्या म्हाताऱ्या बाईची इतकी माया आली की मी मनगट सोडवून घेतलं नाही, नंतर कितीतरी वेळ तिथं वळ होते.

पलीकडं उतरल्यावर त्या वाळूत बसल्या. मागं त्यांच्या माहेरचं घर राहिलं नव्हतं, माड होते. त्यांनी माडांकडं पाठ केली आणि अलीकडच्या काठाकडं, त्यांच्या सासरच्या दिशेला तोंड करून भाकरीचा पहिला तुकडा मोडला. "तिकडनं हे रोज बघायची," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर इकडनं ते कसं दिसतं, कधी बसून बघितलंच नव्हतं." दोन भाकऱ्या त्यांनी एकटीनं संपवल्या. त्या सबंध दुपारी त्यांनी मला दुखतंय का ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. नवरा कंपनीतून आला की त्याला दारातल्या उजेडात बसवायचं, बोळा काढायचा, कानात बघायचं. तोही निमूटपणे मान कलती करून बसायचा. मी मात्र धास्तावले होते. कान बरा झाला नाही तर होडीत घातल्याचा पस्तावा होऊन त्या मस्कतचं नावही काढू देणार नाहीत, असं मला वाटत होतं.

कान वाहायचा तो वाहतच राहिला. सासूबाईंनी आठवडाभर पाहिलं. मग एका संध्याकाळी त्यांनी नवा बोळा वळला, लेकाच्या कानात घातला आणि माझ्याकडं वळल्या.

"उशिरा पुरवला तर बाईला पुरतो, पोराला नाय पुरत," त्या म्हणाल्या. "तुझा अजून वेळेत हाय. जा तू."

मी गेले. पंधरा दिवस समुद्राकडं तोंड करून बसले, ठरवलं होतं तसंच. कुणी काही विचारलं नाही. उन्हाळ्यात मला मुलगी झाली. बारशाला आत्या पाळण्यावर वाकून तिच्या कानात नाव सांगणार, एवढ्यात सासूबाईंनी तिला थांबवलं. त्यांनी बाळाचं डोकं हलकेच वळवून आधी उजवा कान पाहिला, मग डावा पाहिला, पदराच्या टोकानं टिपून पाहिला. पदर कोरडा होता. तो त्यांनी मला दाखवला आणि आत्याला म्हणाल्या, "सांग आता."