आबांचं पिल्लू आणि माझे नियम

माझे सासरे, आबा, जळगावला आमच्याकडे राहायला तयार झाले, ते एका अटीवर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भडगावजवळच्या गावी त्यांनी एकट्यानं राहणं शक्यच नव्हतं. सासूबाई जाऊन बराच काळ लोटला होता. नवरा फोनवर त्यांची समजूत घालत होता, मी शेजारी बसून ऐकत होते. शेवटी पलीकडून आवाज आला, "येस मी. पन मन्हासंगे पिल्लूबी ई."

पिल्लूही बरोबर येणार म्हणे. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, बोलतंय काहीतरी. पण रविवारी नवरा त्यांना आणायला गेला आणि परत आला तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट होतं. त्यात गोणपाटावर एक भुरकट पिल्लू बसलं होतं, एक कान उभा, एक पडलेला. आबांनी काठी टेकत आत येऊन ते हॉलमध्ये सोडलं. पिल्लानं घरभर एक चक्कर मारली, दिवाणापाशी थांबलं आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तळं करून ठेवलं.

"न्हाना शे तो," आबा म्हणाले.

लहान आहे तो! पुढं कितीतरी दिवस मी हे वाक्य ऐकत होते.

मी हायस्कूलला शिकवते. पहिल्या आठवड्यात वर्गाला शिस्त लागली नाही तर ती वर्षभर लागत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून त्याच दिवशी जेवताना मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. पिल्लू स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. दिवाणावर चढणार नाही. आपल्या ताटातलं त्याला कुणी काही देणार नाही. आणि त्याचं खाणं झालं की लगेच त्याला मागच्या अंगणात न्यायचं, म्हणजे कुठं काय करायचं ते त्याला कळेल. नवऱ्यानं मान डोलावली. आबांनी तर दोनदा डोलावली. मी वरण वाढायला वाकले तेव्हा दिसलं, आबांचा डावा हात टेबलाखाली होता आणि तिथून भाकरी चावल्याचा आवाज येत होता.

"आबा!"

"त्याले काय समजस नियम? न्हाना शे तो."

"त्याला नाही समजत, पण तुम्हाला तर समजतं ना?"

यावर त्यांनी शांतपणे पाणी मागितलं.

उन्हाळा तोंडावर आला तसं सगळंच बिघडत गेलं. शाळेतून घरी यावं तर कूलरसमोर दिवाणावर आबा आडवे आणि त्यांच्या पोटाशी पिल्लू. मी काही बोलायच्या आत ते म्हणायचे, "बठ्ठासले गरम व्हस, त्याले नई व्हत का?" सगळ्यांना उकडतं, मग त्याला का नाही, हा त्यांचा सवाल. माझ्या चपलांचे पट्टे गेले. नवऱ्याचे मोजे गेले. कूलरची पाण्याची नळी त्यानं चावून टाकली आणि हॉलमध्ये पूर आला. नवऱ्याची तक्रार वेगळीच. आबा त्यालाही लहानपणापासून "लेका" म्हणत आणि पिल्लालाही "लेका"च म्हणू लागले. त्यामुळे आबांनी हाक मारली की दोघंही वळून बघायचे, आणि बहुतेक वेळा हाक पिल्लालाच असायची.

शेवटी लसीसाठी दवाखान्यात नेलं तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंपुढं सगळं मांडलं. त्यांनी विचारलं, "त्याला बसायला सांगताना तुम्ही काय म्हणता?"

"बस," मी म्हणाले.

"सिट," नवरा म्हणाला.

"बठ," आबा म्हणाले.

बाईंनी आमच्या तिघांकडं पाहिलं. "मग ते कसं बसणार? घरात एकच शब्द ठरवा. आणि नियमही एकच."

परतीच्या वाटेवर गाडीत त्यावरून भांडण झालं. "बठ" ठरलं, कारण आबा दुसरा शब्द वापरणार नव्हते. मी पहूरची, आमच्याकडची बोली वेगळी. पण घरात, शाळेत आयुष्यभर शुद्ध बोलत आलेली बाई मी, आता रोज सकाळी अंगणात उभी राहून एका कुत्र्याला "बठ, बठ" करू लागले. ते माझ्याकडं बघायचं आणि माझ्या साडीचा काठ तोंडात धरायचं. आबांनी नुसतं बोट दाखवलं तरी बसायचं.

मग बिबड्यांचं प्रकरण झालं. आमच्या आणि शेजारच्या अक्कांच्या गच्चीमध्ये फक्त एक बुटका कठडा आहे. अक्कांनी सकाळी ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, घालून कापडावर वाळत ठेवले होते. आबांनी पिल्लाला "जरा हवा खाऊ द्या" म्हणून गच्चीवर सोडलं. थोड्या वेळानं अक्कांची हाक आली. वर गेले तर ओल्या बिबड्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पंजे उमटलेले, आणि पिल्लू मधोमध बसून खातंय.

अक्का काही भांडल्या नाहीत. "जाऊ दे बाई, मुकं जनावर," एवढंच म्हणाल्या. त्याचंच जास्त लागलं. पुढच्या रविवारी मी त्यांच्यासाठी ज्वारी भिजवून, दळून, मोठ्या पातेल्यात पीठ शिजवलं. ते हाटताना दंड भरून आले. भर उन्हात बिबडे थापले. आबा छत्री घेऊन राखणीला बसले आणि शिजलेलं गरम पीठ फुंकून फुंकून पिल्लाला भरवू लागले. मी पाहिलं आणि खाली येऊन फरशीवर आडवी झाले.

त्यानंतर काहीच दिवसांनी एका संध्याकाळी मी बाजारातून आले तर घराचं दार बाहेरून नुसतं लोटलेलं. आत आबा नाहीत, पिल्लू नाही. आबांचा मोबाईल टीव्हीवर, पिल्लाचा पट्टा खिळ्याला. अक्का म्हणाल्या, कोपऱ्यावरून लग्नाची वरात गेली, डीजेला घाबरून पिल्लू पळालं आणि आबा काठी घेऊन त्याच्यामागं गेले. डॉक्टरांनी त्यांना गल्लीच्या पुढं चालायला मनाई केली होती.

मी स्कूटी काढली. या गल्लीत, त्या गल्लीत, विचारत विचारत. कॉलनीच्या शेवटी एका बांधकामावर रेतीचा ढीग होता. त्यावर आबा बसले होते, धोतर धुळीनं भरलेलं, मांडीवर पिल्लू गाढ झोपलेलं.

मला बघताच ते म्हणाले, "मी पडनू नई. बसनू."

मग माझा बांध फुटला. नळी, चपला, बिबडे, दिवाण, घरी ठेवलेला मोबाईल, खिळ्याला लटकलेला पट्टा, साठलेलं सगळं मी रस्त्यातच ओरडून काढलं. येणारे-जाणारे थांबले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "तू मले वरडी राहिनी का त्याले?"

"दोघांना!"

"मंग बरं," ते म्हणाले. "मले वाटनं फक्त त्याले."

मला हसू आलं नाही. त्यांना उठता येत नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. ते माझ्या खांद्यावर पूर्ण भार टाकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "गावले सकाये दार उघडं की हाऊ पायरीवर बठेल ऱ्हाये. दुसरं कोनी नव्हतं." मग लगेच रिक्षा थांबवायला काठी वर केली.

पिल्लू काही रिक्षात चढेना. शेवटी आबांना रिक्षानं पुढं पाठवलं आणि स्कूटीवर डोक्याला गुंडाळायची ओढणी पिल्लाच्या गळ्यात बांधून मी त्याला चालवत घरी आणलं. स्कूटी रात्री नवऱ्यानं आणली.

त्या दिवसापासून मोबाईल आबांच्या खिशात असतो आणि पट्ट्याशिवाय पिल्लू दाराबाहेर जात नाही. दिवाण मी सोडून दिला आहे. स्वयंपाकघराचा नियम अजून चालतो, म्हणजे ते पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत टाकून बाकीचं अंग बाहेर ठेवतं आणि मी पोळ्या लाटत असताना माझ्याकडं बघत राहतं. टेबलाखालचा हात पूर्वीइतका चालत नाही. थांबलाय असं मात्र मी म्हणणार नाही.

या आठवड्यात त्यानं माझ्या मोबाईलचा चार्जर खाल्ला. "दात येई राहिनात त्याले," आबा म्हणाले. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, हे चावणं कधी थांबेल? "थांबतं हो, मोठं झालं की," त्या म्हणाल्या. मोठं म्हणजे कधी, असं मी विचारलं, तर त्यांच्याकडं तेवढ्यात कुणाची तरी म्हैस आली.